टीएनटी पाण्यातून गायब झालं म्हणजे संपलं का? कम्प्युटर याचं उत्तर कसं काढतो

पाण्याचा टेस्ट रिपोर्ट हातात आला की आपण पहिलं काय बघतो? अमुक पदार्थ किती आलाय आणि तो लिमिटच्या वर आहे का खाली. आणि समोर 'बीडीएल' लिहिलेलं असलं, म्हणजे मशिनला पकडता येईल एवढाही तो पदार्थ सॅम्पलमध्ये नाही, की सगळे निवांत होतात आणि फाइल कपाटात जाते. मी रबाळ्याला एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये काम करते, असे रिपोर्ट रोज बनवते, आणि मला या निवांतपणाची काळजी वाटते. कारण मशिनने फक्त तेच शोधलेलं असतं जे त्याला शोधायला सांगितलं होतं. रेणू तुटून त्याचं दुसरंच काहीतरी झालं असेल आणि ते दुसरं तितकंच किंवा जास्त त्रासदायक असेल, तर रिपोर्टवर त्याच्या नावाची ओळसुद्धा नसते.

ही गोष्ट सगळ्यात स्वच्छ दिसते ती स्फोटकांच्या प्रदूषणात, आणि त्यावर कम्प्युटरवर जे काम झालंय ते इतकं सुंदर आहे की मराठीत कुणीतरी नीट सांगायला हवं असं कधीचं मनात होतं. आधीच सांगते, ठाण्याच्या खाडीत टीएनटी आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही, कृपया व्हॉट्सअ‍ॅपवर तसं फिरवू नका. पण टीएनटीचा सगळा स्वभाव ज्याच्यात आहे तो नायट्रो ग्रुप, म्हणजे एक नायट्रोजन आणि त्याला चिकटलेले दोन ऑक्सिजन, हा आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्याचा, तळोज्याचा, डोंबिवलीचा जुना ओळखीचा आहे. रंगांचे कारखाने, औषधांचे कारखाने, सगळीकडे नायट्रो असलेले रेणू कच्चा माल म्हणून येतात-जातात. रसायनीच्या हिंदुस्थान ऑरगॅनिकमध्ये नायट्रोबेन्झिन आणि त्यापासून अ‍ॅनिलिन बनायचं. टीएनटी याच घराण्यातलं, ते १८६३ साली पहिल्यांदा बनवलं गेलं तेव्हा पिवळा रंग म्हणूनच बनवलं होतं, स्फोटक म्हणून त्याचा उपयोग नंतर कळला. त्यामुळे स्फोटकांसाठी शिकलेली केमिस्ट्री आपल्या नाल्यांच्या पाण्यालाही बऱ्यापैकी लागू पडते.

स्फोटकं पाण्यात येतात कुठून, तर कारखान्याच्या सांडपाण्यातून, फायरिंग रेंजवर अर्धवट फुटलेल्या गोळ्यांतून, आणि समुद्रात टाकून दिलेल्या दारूगोळ्यातून. आपल्याला १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट माहीत आहे, फोर्ट स्टिकिन जहाजात हजार टनांच्या वर स्फोटकं होती, ती एका दुपारी फुटली आणि अख्खी मुंबई हादरली. पण जी स्फोटकं फुटलीच नाहीत त्यांचं पुढे काय होतं हा प्रश्न जर्मनीसमोर आज आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन समुद्रात साधारण १६ लाख टन दारूगोळा पडून राहिलाय. खोकी गंजतात, आतला माल हळूहळू विरघळतो. कील शहराजवळच्या समुद्रात शास्त्रज्ञांनी जुन्या सुरुंगांच्या ढिगाजवळ पिंजऱ्यात जिवंत शिंपले ठेवून बघितले आणि नंतर त्यांचं मांस तपासलं, तर त्यात ४-अमिनो-डायनायट्रोटोल्युईन सापडलं. नाव लांबलचक आहे पण अर्थ सोपा: टीएनटीच्या तीन नायट्रोंपैकी एकाचं अमिनो झालेलं, म्हणजे नायट्रोजनचे दोन ऑक्सिजन जाऊन तिथे दोन हायड्रोजन लागलेले. फक्त टीएनटी शोधून थांबले असते तर ही गोष्ट निम्मीच कळली असती.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं, केप कॉडचं. तिथे सैन्याचा सराव वर्षानुवर्षे चालायचा आणि त्याच जमिनीखाली आजूबाजूच्या गावांचं प्यायचं पाणी. १९९७ मध्ये पर्यावरण खात्याने तिथला खऱ्या गोळ्यांचा सराव थांबवला. भूजलात जे लांबवर पसरलेलं सापडलं ते मुख्यतः आरडीएक्स होतं. टीएनटी वरच्या मातीत अडकतं, बदलतं, आरडीएक्स मात्र मातीला फारसं धरत नाही आणि पाण्याबरोबर चालत सुटतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा आयुष्यभर प्यायच्या पाण्यासाठीचा सल्ला दोघांनाही एकच आहे, लिटरमध्ये २ मायक्रोग्रॅम. टीएनटी तर पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतं, म्हणजे या सल्ल्याच्या ५० हजार पट. बाटलीत बघाल तर पाणी नितळ, पण उन्हात ठेवलं की टीएनटीचं पाणी गुलाबी-लालसर होतं, या कारखान्यांमध्ये त्याला गुलाबी पाणीच म्हणतात. तो गुलाबीपणा टीएनटीचा नसतो, उन्हाने त्याचे जे दुसरे रेणू होतात त्यांचा असतो.

आता दोन रेणू शेजारी ठेवून बघू. गंमत म्हणजे टीएनटी आणि आरडीएक्स, दोघांतही बरोबर २१ अणू आहेत आणि दोघांतही तीनच नायट्रो ग्रुप. फरक नायट्रो कशाला लटकलाय यात. टीएनटीत तो बेन्झिनच्या कड्यातल्या कार्बनला लागलेला असतो, आणि ते कडं भलतं टिकाऊ. आरडीएक्समध्ये तो नायट्रोजनला लागलेला, आणि नायट्रोजन-नायट्रोजनचा तो बंध मुळातच नाजूक. म्हणून आरडीएक्सचं कडं एकदा कुठेतरी ढिलं झालं की सगळं कोसळत जातं आणि शेवटी छोटेछोटे तुकडे उरतात, फॉर्मिक अ‍ॅसिडचं मीठ, फॉर्मल्डिहाइड, नायट्राइट, नायट्रस ऑक्साइडचा गॅस वगैरे. टीएनटीचं तसं होत नाही, त्याचं कडं सहसा शाबूत राहतं आणि फक्त त्याला लटकलेल्या गोष्टी बदलत जातात, त्यामुळे एकाच टीएनटीपासून कडं तसंच असलेले ढीगभर वेगवेगळे नातेवाईक तयार होतात. चिखलातले जिवाणू नायट्रोचं अमिनो करतात, ऊन मिथाइलवर (कड्याला लटकलेला एक कार्बन आणि त्याचे तीन हायड्रोजन) हल्ला करतं, चुन्याचं पाणी कड्यावरच येऊन बसतं.

हे सगळं लॅबमध्ये शोधायला अडचणी आहेत. पहिली उघड आहे, स्फोटकं हाताळायला परवाना लागतो, सुरक्षेची सोय लागते, कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये हे करता येत नाही. दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. तुटण्याच्या वाटेत मध्येच जे रेणू बनतात त्यातले कित्येक इतके अल्पायुषी असतात की सॅम्पल घेऊन मशिनमध्ये घालेपर्यंत ते संपलेले असतात, आणि जे टिकतात त्यांचा शुद्ध नमुना विकत मिळत नाही, आणि शुद्ध नमुना नसेल तर मशिनवर आलेली उंच रेघ कुणाची हे ठामपणे सांगायचं कसं? लॅबमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा, अनोळखी रेघा प्रत्येक चार्टवर असतात.

इथे कम्प्युटर कामाला येतो, आणि तो काय करतो हे समजायला फार गणित लागत नाही.

रेणू म्हणजे अणूंची केंद्रकं आणि त्यांच्याभोवती पसरलेले इलेक्ट्रॉन. कुठला बंध किती मजबूत, कोण कुणावर हल्ला करेल, सगळं इलेक्ट्रॉन ठरवतात. त्यांचं वागणं सांगणारं समीकरण श्रोडिंगरने १९२६ मध्येच देऊन ठेवलंय. अडचण एवढीच की टीएनटीत इलेक्ट्रॉन आहेत ११६, प्रत्येकाची जागा सांगायला तीन आकडे, म्हणजे ३४८ आकड्यांवर अवलंबून असलेलं एकच राक्षसी गणित, कारण प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकीच्या प्रत्येकाला ढकलत असतो आणि एकेकाचा वेगळा हिशोब करता येत नाही. जगातला कुठलाही कम्प्युटर ते सरळ सोडवू शकत नाही. १९६४ मध्ये होहेनबर्ग आणि कोन या दोघांनी सिद्ध केलं की प्रत्येक इलेक्ट्रॉनचा माग ठेवायची गरजच नाही, रेणूच्या कुठल्या भागात इलेक्ट्रॉनची दाटी किती आहे एवढं कळलं तरी त्याची एकूण ऊर्जा ठरते. दाटी सांगायला तीन आकडे पुरतात, मग इलेक्ट्रॉन दहा असोत की हजार. ३४८ चे ३! मला आजही हे वाचलं की भारी वाटतं. पुढच्या वर्षी कोन आणि शाम यांनी ते प्रत्यक्ष वापरायची रीत दिली, आणि वॉल्टर कोनना १९९८ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. या पद्धतीला डेन्सिटी फंक्शनल थिअरी म्हणतात, बोलताना सगळे डीएफटी म्हणतात.

दाटीवरून ऊर्जा काढायचं नेमकं सूत्र मात्र कुणालाच सापडलेलं नाही, म्हणून जवळपास जाणारी सूत्रं वापरतात, आणि कुठलं सूत्र निवडलं यावर उत्तर थोडं इकडेतिकडे होतं. स्फोटकांच्या कामात एम०६-२एक्स नावाचं सूत्र बरंच वापरलं जातं. ते मिनेसोटाच्या ट्रुलर यांच्या ग्रुपचं. अमेरिकेतल्या जॅक्सन स्टेट युनिव्हर्सिटीत येझी लेश्चिन्स्की यांच्या ग्रुपने तिथल्या सैन्याच्या संशोधन केंद्राबरोबर टीएनटी, आरडीएक्स आणि त्यांच्या नव्या भावंडांवर याच पद्धतीने खूप काम केलंय.

मग पाणी. नुसता एकटा रेणू पोकळीत तरंगतोय असं धरून गणित केलं तर उत्तर साफ चुकतं, विशेषतः भार असलेल्या आयनांच्या बाबतीत. हायड्रॉक्साइड आयन, म्हणजे चुन्याच्या पाण्यात भरपूर असतो तो, पाण्यात आला की पाणी त्याला एवढं घट्ट धरतं की त्याची ऊर्जा मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरलेलं माप, जसं डझन) सुमारे १०५ किलोकॅलरीने खाली जाते. हा आकडा किती प्रचंड आहे ते पुढे कळेलच. आता प्रत्येक पाण्याचा रेणू मोजायचा तर पुन्हा गणित फुगतं, म्हणून पाण्याला एकेक रेणू न धरता भोवतीचं एक अखंड माध्यम धरतात, ज्याचा गुण म्हणजे विजेचा भार दाबून टाकणं. हायड्रॉक्साइडसारख्या हट्टी आयनाला मात्र एवढ्याने भागत नाही, मग त्याच्याभोवती दोन-चार पाण्याचे खरे रेणू ठेवतात आणि बाकीचं पाणी माध्यम. मला विचाराल तर या क्षेत्रातला कुठलाही पेपर वाचताना पहिलं हे बघावं, आयनाभोवती पाणी कसं धरलंय. तिथे घाई केली असेल तर पुढच्या देखण्या ग्राफना फारसा अर्थ राहत नाही.

आता मुख्य भाग. रेणू तुटायला त्याला एक चढ चढावा लागतो. पारसिकचा डोंगर डोळ्यासमोर आणा, कळवा-मुंब्र्याकडून पलीकडे घणसोलीला उतरायचंय. डोंगरमाथ्यावरून कुणी जात नाही, माणूस खिंड शोधतो, दोन शिखरांमधली सगळ्यात खोलगट जागा. खिंडीत उभं राहिलात तर पुढे-मागे उतार, डावी-उजवीकडे चढ. रेणूच्या ऊर्जेच्या नकाशावर अशी जागा असते तिला ट्रान्झिशन स्टेट म्हणतात, तिथे जुना बंध अर्धा सुटलेला आणि नवा अर्धा लागलेला असतो. कम्प्युटरला ही खिंड शोधायला लावतात, सापडली की तिची परीक्षा घेतात: रेणूच्या सगळ्या कंपनांपैकी नेमकं एकच कंपन असं निघालं पाहिजे की त्या दिशेला ऊर्जा खाली उतरते, बाकी सगळ्या दिशांना वर चढते. मग तिथून दोन्हीकडे घरंगळत जाऊन बघतात की एका बाजूला खरंच टीएनटी आणि दुसऱ्या बाजूला आपल्याला वाटतो तोच पदार्थ येतो का, कारण कधीकधी खिंड भलत्याच दोन गावांमधली निघते. आणि जिवाणूचं एन्झाइम काय करतं, तर डोंगराखालून बोगदा काढतं.

खिंड किती उंच यावरून वेग निघतो. १९३५ साली आयरिंगने दिलेलं सूत्र आहे, त्यात उंची घातली की रेणू किती वेळात अर्धे उरतील ते कळतं. मी तीन आकडे घालून हिशोब केला, तापमान २५ डिग्री, आणि रेणू आपला आपण तुटतोय असं साधं धरून. उंची मोलमागे २० किलोकॅलरी असेल तर एका मिनिटाच्या आत निम्मे रेणू तुटतात. २५ असेल तर निम्मे व्हायला पावणेतीन दिवस लागतात. आणि ३० असेल तर? साधारण ३५ वर्षं.

परत वाचा हे. २० वरून ३० वर गेलं की मिनिटाची ३५ वर्षं झाली. याचं कारण वेग उंचीबरोबर सरळ कमी होत नाही, घातांकाने कोसळतो, आणि मला वाटतं पाण्याच्या प्रदूषणावर बोलणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, कारण 'हा पदार्थ तुटतो' या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही, किती वेळात तुटतो हे त्याच दमात सांगायला पाहिजे.

आणि इथेच सुरुवातीचा मुद्दा आकड्यांत दिसतो. समजा एका पदार्थाचा पहिला चढ २० चा आहे आणि त्यातून जो दुसरा पदार्थ बनतो त्याचा पुढचा चढ २५ चा. तुम्ही पहिल्याच पदार्थाची टेस्ट केली तर अर्ध्या तासात रिपोर्ट 'बीडीएल' येईल, अगदी खरा, मशिन बरोबर, केमिस्ट बरोबर. पण त्या वेळी पाण्यात जवळजवळ सगळाच माल दुसऱ्या रूपात बसलेला असतो आणि तो पुढे दिवसचे दिवस तिथेच राहणार असतो. मॉडेलमध्ये म्हणून एकच चढ काढून थांबत नाहीत, सगळ्या वाटा, सगळे फाटे, प्रत्येकाची उंची काढतात, मग प्रत्येक पायरीसाठी एक समीकरण लिहितात की हा पदार्थ अमुक वेगाने बनतोय आणि तमुक वेगाने संपतोय, आणि ती सगळी समीकरणं एकत्र सोडवतात. हातात येतो तो ग्राफ: पहिल्या तासाला पाण्यात कोण किती, दुसऱ्या दिवशी कोण किती, महिन्याने कोण किती. मग कुठले पदार्थ साठून राहणार आहेत तेवढीच नावं लॅबला द्यायची आणि म्हणायचं, हे शोधा.

आरडीएक्सचं चुन्याच्या पाण्यात काय होतं ते या पद्धतीने छान उलगडलंय. हायड्रॉक्साइड येऊन कड्यातल्या कार्बनवरचा एक हायड्रोजन खेचतो, त्याच झटक्यात शेजारच्या नायट्रोजनवरचा नायट्रो ग्रुप नायट्राइट होऊन सुटतो. हीच पायरी सगळ्यात अवघड. पुढचं कडं उघडणं, तुकडे पडणं, सगळं उताराचं, म्हणून मधले रेणू साठतच नाहीत आणि लॅबमध्ये हाती लागत नाहीत. या पायरीत हायड्रॉक्साइड लागतो, म्हणून वेग पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे यावर, अवलंबून. पीएच ७ वरून १२ वर नेला की हायड्रॉक्साइड एक लाख पट होतो आणि पहिल्या पायरीचा वेगही तेवढाच वाढतो. ग्रेनेडच्या सरावाच्या जागांवर माती धुवून स्फोटकं पाण्यात जाऊ नयेत म्हणून अमेरिकेच्या सैन्याने चुना मिसळून बघितलाय, त्यामागे हेच कारण. साधा विझवलेला चुना, आपल्याकडे कुठल्याही ईटीपीत, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये, पोती रचलेली असतात तो.

टीएनटीला चुना घातला की पाणी गडद लाल-तपकिरी होतं. हायड्रॉक्साइड कड्यावरच चढून बसतो आणि जो रंगीत रेणू बनतो त्याला १९०२ मध्ये त्यावर काम केलेल्या मायझेनहायमर या केमिस्टच्या नावाने ओळखतात. पुढे हे रेणू एकमेकांत गुंतून मोठाले गोळे होतात. आरडीएक्ससारखे स्वच्छ छोटे तुकडे इथे अपेक्षू नयेत. म्हणजे चुना दोघांनाही 'संपवतो', पण एकाला बऱ्यापैकी खरं, दुसऱ्याला फक्त रूप बदलून.

आणि सगळ्यात डोळे उघडणारं उदाहरण तिसरंच आहे. टीएनटी धक्क्याने, आगीने अवचित फुटू शकतं, म्हणून आता सैन्य जास्त शांत स्वभावाची मिश्रणं वापरायला लागलंय. अमेरिकेने २०१० मध्ये तोफगोळ्यांसाठी आयएमएक्स-१०१ नावाचं मिश्रण मान्य केलं, त्यात टीएनटीच्या जागी डीएनएएन आणि एनटीओ वगैरे दुसरी, कमी भडकणारी रसायनं आहेत. सैनिकांसाठी हे चांगलंच. पण पाण्याच्या बाजूने बघा. एनटीओ पाण्यात लिटरला १५ ग्रॅमच्याही वर विरघळतं, टीएनटीच्या शंभर पटींहून जास्त, म्हणजे पहिल्या पावसातच ते वाहून जायला तयार. आणि डीएनएएनवर चुना घातला की हायड्रॉक्साइड त्यातला मिथॉक्सी ग्रुप काढून स्वतः तिथे बसतो, आणि तयार होतं २,४-डायनायट्रोफिनॉल. हे तेच रसायन जे १९३० च्या दशकात अमेरिकेत बारीक होण्याची गोळी म्हणून विकलं जायचं, पेशींची ऊर्जा नुसती उष्णता म्हणून जाळून टाकतं, लोक आतून भाजून मेले, आणि १९३८ मध्ये तिथल्या औषध खात्याने ते माणसाने घेण्यालायक नाही असं जाहीर केलं. म्हणजे आरडीएक्सला जो उपाय लागू पडतो तोच उपाय विचार न करता डीएनएएनला लावला, तर डीएनएएनचा रिपोर्ट 'बीडीएल' येईल आणि पाण्यात विष तयार झालेलं असेल. वर ते साध्या पाण्यात ऋण भार घेऊन असतं, त्यामुळे चिखलाला सहज चिकटत पण नाही, पाण्याबरोबर पुढे जातं. माल कारखान्याबाहेर पडायच्या आधी कागदावर, म्हणजे कम्प्युटरवर, हे बघता येतं, आणि माझ्या मते ते बघितल्याशिवाय कुठलंही नवं रसायन मोठ्या प्रमाणात वापरायला देऊच नये.

आता मॉडेलवर किती विश्वास ठेवायचा? खिंडीची उंची काढताना १.४ किलोकॅलरीची चूक झाली तर वेगात दहापट फरक पडतो. चांगल्या डीएफटीची चूक साधारण १-२ किलोकॅलरीची असतेच, पाण्यातल्या आयनांना त्याहून जास्त. आठवा, हायड्रॉक्साइडला पाणी धरून ठेवतं ती ऊर्जा १०५, आणि आपल्याला त्यात दीड-दोनची सुद्धा चूक परवडत नाही. मॉडेलने पावणेतीन दिवस सांगितले तर खरं उत्तर सहा-सात तास पण असू शकतं आणि २७ दिवस पण. म्हणून या क्षेत्रातली शहाणी माणसं दिवसांच्या आकड्यावर पैज लावत नाहीत, ती तुलना करतात. दोन वाटांमध्ये एकीचा चढ पाच-सहा किलोकॅलरीने कमी असेल तर रेणू कुठून जाणार हे पक्कं, कारण दोन्हीकडे चूक एकाच दिशेची असते आणि वजाबाकीत बरीचशी जाते. आणि जिथे मोजलेले वेग आहेत तिथे आधी जुळवून बघतात, जुळलं तरच पुढे नव्या रेणूवर जातात.

तापमानाचंही असंच. युरोपातल्या थंड पाण्याचे आकडे उचलून इथे लावले तर फसगत होते. २५ किलोकॅलरीच्या चढासाठी १५ डिग्री आणि ३० डिग्री यातला फरक मी काढला तर वेग जवळपास नऊपट आला. कीलच्या थंडगार पाण्यात जे काम आठवडे घेईल ते आपल्या उन्हाळ्यातल्या खाडीत थोड्या दिवसांत होऊ शकतं. ऐकायला चांगलं वाटतं, पण पुढचे पदार्थही तितक्याच लवकर बनतात, म्हणजे सॅम्पल कधी घ्यायचं हे ठरवायला आपल्याकडे वेळ कमी मिळतो.

खाडीचं आणखी एक. नुसत्या पाण्याचं मॉडेल इथे अर्धंच काम करेल, कारण ऐरोलीच्या खारफुटीत पाय घातला की जो काळा, वास येणारा चिखल लागतो त्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तिथे हायड्रॉक्साइडपेक्षा इलेक्ट्रॉन देणारे जास्त, फेरस लोह आहे, सल्फाइड आहे, जिवाणू आहेत, आणि हे सगळे नायट्रोला अमिनो करायला टपलेले. यासाठी कम्प्युटरवर वेगळं गणित करतात, रेणूला एक इलेक्ट्रॉन जास्तीचा द्यायचा आणि बघायचं तो किती आनंदाने घेतो. टीएनटी पटकन घेतं, एक नायट्रो अमिनो झाला की उरलेला रेणू आधीपेक्षा कमी उत्सुक असतो, दुसरा अमिनो झाला की अजून कमी, म्हणून पहिलं रूपांतर झटपट आणि पुढची रेंगाळत, आणि म्हणूनच कीलच्या शिंपल्यात एक अमिनोवालं सापडलं. त्यात मातीचाही हात असतो. आपल्या काळ्या मातीत जे स्मेक्टाइट नावाचं फुगणारं खनिज असतं त्याच्या थरांत टीएनटीसारखे चपटे रेणू घट्ट जाऊन बसतात, विशेषतः पोटॅशियम असेल तर, आणि थरात बसलेल्या रेणूची खिंड मोकळ्या पाण्यातल्यापेक्षा वेगळ्या उंचीची असते. त्यामुळे सिलिकाचा, मातीच्या खनिजांचा एक छोटा तुकडा कम्प्युटरमध्ये बांधून त्यावर रेणू ठेवून तेच सगळं गणित परत करतात, नुसत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ घेणारं. आपल्या लॅबवाल्यांच्या कामाचं त्यातून जे निघतं ते अगदी साधं आहे: नायट्रोवाला कुठलाही पदार्थ खाडीकाठच्या सॅम्पलमध्ये शोधायला सांगितला, तर त्याचं एक अमिनोवालं भावंड पण त्याच रनमध्ये लावा, त्याचा स्टँडर्ड, म्हणजे ओळख पटवायचा शुद्ध नमुना, मागवून ठेवा, आणि वरच्या पाण्याबरोबर खालचा चिखल पण बाटलीत घ्या.